तारेच्या टोकाला कोण बसलं

“…आणि मग इंजिनिअर साहेबांचा फोन आला की दोन्ही टोकं टर्मिनेट करा. आमचे हेडक्लार्क आबा शिस्तीचे कडक. त्यांनी मागचापुढचा विचार न करता तारेच्या दोन्ही टोकांना बसणाऱ्या सुमनबाई आणि नाना यांना कामावरून कमी करून घरी धाडले! शेवटी शेठजींनी माणूस पाठवून दोघांना परत बोलावले, तेव्हा कुठे गिरणी सुरू झाली.”

हे गिरणीच्या स्मरणिकेत छापलेलं आहे. मी तुम्हाला जसंच्या तसं वाचून दाखवलं, एक काना-मात्रा बदललेली नाही. लिहिणारा प्रकाश, आमच्याकडे बिलं करायचा, आता स्वतःचं दुकान आहे त्याचं. छापण्याआधी वीस लग्नांत त्याने हा किस्सा सांगितला आणि प्रत्येक पंगतीत लोक हसले, आणि हसल्यावर माझ्याकडे बघायचे, कारण त्यातला आबा मी. मी जेवत राहायचो. पंगतीत वाद घालणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु पंगतीतलं बोलणं हात धुतल्यावर संपतं, छापलेलं संपत नाही. म्हणून तुम्ही आलात ते बरं झालं. मी सांगतो तसं लिहा, आणि मध्ये मला सुधारू नका.

आधी मी कुठला ते लिहा. गिरणा नदीच्या काठचं माझं गाव, चाळीसगाव तालुक्यातलं, आणि माझे वडील पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेताशेताला सोडणारा माणूस. काय सांगू तुम्हाला, त्या कामात माणसाला सगळे शत्रू, कारण पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत त्याला पाणी भरपूर, आणि पाटाच्या टोकाला ज्याचं शेत त्याच्यापर्यंत पोचता पोचता धार करंगळीएवढी. वडिलांची एक रीत होती. पाटाचं दार उघडलं की ते तिथे थांबत नसत, पाण्याच्या बरोबरीने बांधाबांधाने चालत जात आणि टोकाच्या शेतकऱ्याच्या शेवटच्या वाफ्यात पाणी जिरेपर्यंत तिथे उभे राहत. मी एकदा विचारलं की दादा, दार तिकडे आणि तुम्ही इकडे का? ते म्हणाले, तोंडाशी कोणीही उभं राहतं. हे वाक्य मी नंतर फार वर्षांनी वापरलं, ते पुढे येईल.

मी मॅट्रिक झालो, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा झालो, आणि चाळीसगावला एका सरकीच्या तेलगिरणीत कारकून म्हणून लागलो. मालक मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या इथेच, बोलताना मारवाडीत सुरुवात करून अहिराणीत संपवायचे. गिरणीचं नाव तुम्ही लिहू नका, त्यांचं मीठ खाल्लं आहे. सरकी यायची, तेल निघायचं, राहिलेली ढेप गुरांना जायची, आणि या सगळ्याचं लिहिणं माझ्याकडे. काही वर्षांनी हेडक्लार्क झालो. हेडक्लार्क झाल्यावर माझं टेबल पंख्याखाली आलं.

आता पंख्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या हपिसावर पत्रे होते, आणि मे महिन्यात त्या पत्र्यांखाली बसणं म्हणजे काय, ते खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नाही. पंखा एकच. त्या पंख्याखाली आधी नाना बसायचे. नाना म्हणजे आवक लिहिणारे, धुळ्याकडच्या खेड्यातून आलेले, माझ्याहून लहान पण जन्मतःच नाना. मी हेडक्लार्क झालो तेव्हा शेठजींनी टेबलं हलवली, माझं आत आणि नानांचं दरवाजाशी. ती जागा हुद्द्याची होती, मी कोणाची हिसकावली नव्हती, आजही माझं तेच म्हणणं आहे. पण नानांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. मीही मग सोडलं. पाचसहा वर्षं आम्ही दोघं एका खोलीत बसून तिसऱ्याच्या तोंडून बोलत होतो. प्रकाशला सांगायचं, प्रकाश, त्यांना विचार कालच्या गाड्या किती. आणि नाना हे ऐकत असतानाच उत्तर द्यायचे, परकास, त्यास्ले सांग, लिखेल शे, म्हणजे लिहिलेलं आहे. प्रकाशला मात्र दोनदा मान वळवावी लागायची.

मग नव्वदीत संगणक आले. पहिल्यांदा एक, मग एकेक करत चार. पण चारही यंत्रं एकमेकांना अनोळखी. वजनकाट्यावर सुमनबाई बसायच्या, गाडीचं वजन त्यांच्या यंत्रात. ते आवकला हवं, बिलाला हवं, मला हवं. तर ते फ्लॉपीवर उतरवायचं आणि शिपायाने ती फ्लॉपी हातात धरून या टेबलावरून त्या टेबलावर न्यायची. एकदा उन्हात सायकलच्या कॅरिअरवर राहिली ती पापडासारखी वाकली. शेठजी म्हणाले, असं कसं चालेल आबा, यांना एकमेकांशी जोडा.

जोडायला जळगावहून इंजिनिअर आला. हुशार मुलगा, समजावून सांगायचा. प्रत्येक यंत्राच्या पोटात त्याने एक कार्ड बसवलं. मग एक काळी, करंगळीएवढी तार आणली आणि ती पश्चिमेच्या खिडकीपासून पूर्वेच्या दरवाजापर्यंत भिंतीच्या कडेने नेली. प्रत्येक यंत्राजवळ तार तोडायची आणि तिथे इंग्रजी टी अक्षरासारखा एक पितळी जोड बसवायचा, ज्याचे दोन हात तारेला आणि पाय यंत्राला. पाचवं एक मोठं यंत्र आणलं, सर्व्हर, त्याच्यावर कोणी बसायचं नाही; सगळ्यांचं लिहिलेलं त्याच्या पोटात जमा व्हायचं आणि ज्याला हवं त्याने तिथून घ्यायचं. ते मधल्या खोलीत शेठजींच्या केबिनला लागून ठेवलं. आणि सगळं झाल्यावर तारेच्या दोन टोकांना, म्हणजे पश्चिमेला सुमनबाईंच्या यंत्राशी आणि पूर्वेला नानांच्या यंत्राशी, त्याने बोटाच्या पेराएवढ्या दोन चकचकीत टोप्या बसवल्या. थोडं दाबून फिरवलं की बसते, फिरवलं की निघते.

मी विचारलं, पुढे तार नाही, मग टोपी कशाला? तो म्हणाला, आबा, निरोप तारेतून जातो तो टोकाशी आपटून मागे फिरतो, आणि मागे फिरलेला निरोप पुढून येणाऱ्याला धडकतो, मग कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. ही टोपी टोकाला आलेला निरोप गिळून टाकते. मी म्हटलं, म्हणजे शेवटचा वाफा. तो म्हणाला, म्हणजे? मी सांगितलं, पाटाच्या टोकाला पाणी जिरायला वाफा नसेल तर ते बांधाला थडकून मागे येतं आणि पाट फुटतो. त्याला पटलं. त्या टोपीला इंग्रजीत टर्मिनेटर म्हणतात हेही त्याने सांगितलं होतं, पण आम्ही सगळे टोपीच म्हणत होतो आणि तो शब्द कोणाच्या लक्षात राहिला नाही. लिहिताना हे वाक्य गाळू नका, पुढचं सगळं त्यावर आहे.

जाळं चाललं. काट्यावर गाडी चढली की वजन माझ्यासमोर. एक खोड होती त्यात, तार कुठेही सुटली की सगळ्यांचं बंद. कोणाचा पाय लागला की चौघंही एकदम मान वर करायचे आणि एकमेकांच्या पायांकडे बघायचे.

मग दसरा आला. आमच्या गिरणीत खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा. घाणे धुवायचे, काटा पुसायचा, पाने-पक्कड-हातोडे घासून ताम्हणात मांडायचे, सगळ्याला हळद-कुंकू आणि झेंडू. त्या वर्षी संगणकही पूजेत. हपिसाची पूजा प्रकाशकडे होती. तो भाविक माणूस, आणि लखलखीत वस्तूची त्याला हौस. त्याने संगणकांना गंध लावलं, आणि त्या दोन टोप्या चांदीसारख्या दिसतात म्हणून काढून घेतल्या, चिंचेने घासल्या, पक्कड-हातोड्यांबरोबर ताम्हणात मांडल्या, अक्षता टाकल्या आणि ताम्हण लक्ष्मीच्या तसबिरीखालच्या देवळीत ठेवलं. स्मरणिकेत जाळं अचानक बंद पडलं असं लिहिलं आहे. अचानक म्हणजे असं. मी त्याला दोष देत नाही, पूजा मनापासून केली होती. फक्त लिहिणाऱ्याने स्वतःला गोष्टीतून वगळू नये, एवढंच.

दसऱ्यानंतर गिरणी उघडली तर सगळी यंत्रं मुकी. हंगाम तोंडावर, फाटकाबाहेर सरकीचे ट्रॅक्टर उभे, गाडीवान शिव्या देतायत. नाना उठून म्हणाले, परकास, त्यास्ले सांग, बठ्ठं बंद पडी गयं. इंजिनिअर कुठल्याशा कामाला पुण्याला गेलेला. तिथे निरोप ठेवला, आणि दुपारी त्याचा फोन आला.

आमच्याकडे बाहेरगावचा फोन कसा घेत हे तुम्हाला ठाऊक नसेल. लाइन खरखरायची, म्हणून घेणारा उभा राहायचा, एका कानात बोट घालायचा, भिंतीकडे तोंड करायचा आणि समोरचा जे बोलेल ते वाक्य पुन्हा ओरडून म्हणायचा, म्हणजे त्याला कळावं की आपल्याला कळलं. सगळा खान्देश असाच फोनवर बोलायचा. मीही तसाच उभा राहिलो. तो म्हणाला, दोन्ही एंड टर्मिनेट केलेत का बघा. मला शेवटचं नीट ऐकू आलं नाही. मी ओरडलो, काय? दोन्ही टोकं टर्मिनेट करायची? तो म्हणाला, हो हो, तेच, त्याशिवाय चालणारच नाही. मी ओरडलो, बरं! त्याशिवाय चालणार नाही! आजच करतो!

हे मी बोललो. नाकारत नाही. मला त्या क्षणी कळलं होतं, कारण एंड म्हटल्यावर मला टोपी आठवली, आणि टोपीबरोबर तो विसरलेला शब्द आठवला. पण हपिसातल्या बाकीच्यांना तो शब्द एकाच अर्थाने माहीत होता. हपिसात टर्मिनेट होतो तो माणूस.

मी फोन ठेवून वळलो तर पश्चिमेची खुर्ची रिकामी आणि पूर्वेचीही. मला वाटलं चहाला गेले. मी प्रकाशला म्हटलं, टोप्या कुठायत रे टोकाच्या? तो धावत देवळीपाशी गेला आणि ताम्हणातून कुंकवाने माखलेल्या दोन टोप्या घेऊन आला. पुसल्या, बसवल्या, सर्व्हर बंद करून चालू केला, आणि यंत्रं बोलायला लागली. मी म्हटलं, बोलाव आता नानांना आणि सुमनबाईंना. प्रकाश म्हणाला, आबा, ते गेले. कुठे गेले? घरी. डबे घेऊन गेले. तुम्हीच तर ओरडून सांगितलं ना, आजच करतो म्हणून.

 शेठजी केबिनमधून बाहेर आले, सगळं ऐकलं, पोट धरून हसले आणि म्हणाले, शिपायाला पाठवा आणि बोलावून घ्या. मी म्हटलं, शेठजी, शिपाई दारात दिसला तर त्यांना वाटेल हिशेब चुकता करायला बोलावलंय. माणूस पाठवायचा नाही. ते म्हणाले, मग? मी टोपी डोक्यावर घातली, माझी गांधी टोपी म्हणतो मी, आणि निघालो. म्हणजे शेठजींनी माणूस पाठवला ही दुसरी खोटी गोष्ट. माणूस गेला नाही, मी गेलो.

सुमनबाई रेल्वेलाइनच्या पलीकडे राहायच्या. दारात त्यांचे यजमान बसलेले. ते पूर्वी धुळ्याला सूतगिरणीत होते, तिथून कमी झालेले, तेव्हापासून घर बाईंच्या पगारावर. मला बघून ते उठून उभे राहिले आणि आत गेले. ते आत जाणं मला लागलं. बाई बाहेर आल्या. मी पाटापासून वाफ्यापर्यंत सगळं समजावलं, की तारेची टोकं म्हटलं होतं, माणसांची नव्हे. त्या म्हणाल्या, आबा, तो शब्द आमच्या घरी एकदा येऊन गेलाय, मला त्याचा अर्थ कोणी सांगायला नको. मी म्हटलं, पण मी भिंतीकडे तोंड करून बोलत होतो. त्या म्हणाल्या, तोंडावर सांगायची लाज वाटणारा माणूस भिंतीकडेच बघतो. मी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग त्या हसल्या थोड्या. म्हणाल्या, येते उद्या. पण टोकाला बसणार नाही. आज टोपी गेली, उद्या आणखी काही जाईल, आणि जिकडे तिकडे टोकावरच्यांचंच नाव येईल. मला मध्ये घ्या.

तिथून नानांकडे. नाना ओट्यावर बसलेले, बाजूला वहिनी लसूण सोलत होत्या. मला बघून नानांनी तोंड वळवलं आणि वहिनींना म्हणाले, त्यास्ले इचार, कागद लई उनात का? म्हणजे काढल्याचा कागद आणलाय का. मी म्हटलं, वहिनी, त्यांना सांगा, कागद नाही, कामावरून कोणी कोणाला काढलेलं नाही. आणि पुन्हा सगळं सांगितलं, टोपी, ताम्हण, पाट, वाफा. वहिनी मध्ये बसून एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होत्या, शेवटी वैतागून म्हणाल्या, दोन्ही जन बहिरा शेतस का? आठेच तं बठेल शेतस! म्हणजे समोरासमोरच तर बसला आहात. आणि लसणाचं सुपडं उचलून आत गेल्या.

मग तिसरं कोणी राहिलं नाही. आम्ही दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत बसलो. नाना रस्त्यालाच म्हणाल्यासारखे म्हणाले, सुमनबाई काय बोलनी? मी सांगितलं, टोकाला बसणार नाही म्हणतात. नाना म्हणाले, मी बी नही बठाव. मग म्हणाले, पन तारले दोन टोके ऱ्हातीनच. तठे कोन बठी?

प्रश्न खरा होता. मी त्या इंजिनिअरला नंतर विचारलंही की टोकं एकमेकांना जोडून गोल करता येईल का, तो म्हणाला, या तारेत नाही, हिला टोकं हवीतच. म्हणजे कोणालातरी टोकाला बसणं आलं. मी म्हटलं, एका टोकाला तो सर्व्हर ठेवू, लक्ष्मीच्या तसबिरीखाली. त्याच्यावर कोणी बसत नाही आणि लक्ष्मीला कोणी कमी करत नाही. नाना हसले. पाचसहा वर्षांनी हसले माझ्यासमोर. म्हणाले, आनि दुसरं? मी म्हटलं, दुसऱ्या टोकाला मी बसतो, नाना. तोंडाशी कोणीही बसतं.

ते म्हणाले, आनि पंखा? मी म्हटलं, पंखा माझ्याबरोबर हलत नाही. टेबल रिकामं होतंय, तुम्ही बसा.

इंजिनिअर पुण्याहून आला तेव्हा त्याच्याकडून तार वाढवून घेतली. पूर्वेच्या टोकाला लक्ष्मीच्या तसबिरीखाली सर्व्हर गेला. पश्चिमेची टोपी काढली, तिथे तारेचा एक तुकडा जोडला, आणि सुमनबाईंच्या खिडकीपलीकडच्या कोपऱ्यात माझं टेबल. दुपारी तीननंतर ऊन थेट अंगावर, पाठीला वजनकाट्याची भिंत, आणि टेबलाखाली ती टोपी माझ्या गुडघ्याशी. शेठजी म्हणाले, आबा, हेडक्लार्क कोपऱ्यात शोभत नाही. मी म्हटलं, हुद्दा माझ्याजवळ आहे, तो टेबलाजवळ नसतो.

पुढे काही वर्षांनी ती काळी तार गेली आणि हब आला. हब म्हणजे दिवे लुकलुकणारी एक पेटी, प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तार तिच्यात जाते, एकाची सुटली तर त्याच्यापुरतं बंद. टोप्या संपल्या. इंजिनिअर म्हणाला, आबा, आता टोक कोणीच नाही, जा तुमच्या पंख्याखाली. मी म्हटलं, नीट बघ, पेटी मध्ये आहे म्हणजे आता सगळेच टोकाला आहेत. आणि मी जिथे होतो तिथेच बसून राहिलो.

सुमनबाई गेल्या दिवाळीला येऊन गेल्या, यजमानांना घेऊन. त्यांनी स्मरणिका वाचली होती. त्या म्हणाल्या, आबा, सोडून द्या, हसण्यावारी न्या. त्यांचे यजमान मात्र म्हणाले, नाही, आबा, हे दुरुस्त झालं पाहिजे, कारण पुढे वाचणाऱ्याला वाटेल की तिला खरंच कोणी काढलं होतं. म्हणून मी तुम्हाला बोलावलं. नाना आता नाहीत, ते साक्षीला येऊ शकत नाहीत. प्रकाश चांगला मुलगा आहे, त्याचं दुकान वाढो, लेकराबाळांत सुखी राहो, पण त्याला विचारा: ज्याने टोकावरची माणसं काढली, तो त्यांच्या जागी स्वतः का बसेल?

 मग त्याला एवढीच एक गोष्ट सांगा, कारण तोही तिथे होता आणि त्याने टाळ्याही वाजवल्या आहेत. मी निवृत्त झालो त्या दिवशी हार घालायला सगळे त्या पश्चिमेच्या कोपऱ्यात आले होते, आणि हार घेऊन उठले ते नाना, पंख्याखालून.